शाई वाळून बसलेलं फाउंटन पेन

पेन अडलं की निब कागदावर दाबून बघायचा मोह आधी आवरा. टोकाची दोन पाती फाकली की अक्षर बिघडलंच. निबचा भाग खोलून साध्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवा. गरम पाणी नको, प्लास्टिक वाकतं. स्पिरिट तर मुळीच नको. सकाळी कन्व्हर्टरने, म्हणजे पेनातल्या शाई ओढायच्या नळीने, पाणी ओढा, सोडा, पुन्हा ओढा. फीडच्या, म्हणजे निबखालच्या शाई पोचवणाऱ्या तुकड्याच्या, बारीक खाचांतून आधी काळपट गुठळ्या, मग फिकट निळी धार सुटते. मला हे बघायला फार आवडतं. तरीही अडलं, तर पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब टाका आणि नंतर नीट धुवा. टिश्यूवर निब टेकवा, डाग पाणचट उमटला की झालं. ड्रॉइंगची इंडिया इंक मात्र या पेनात कधीच भरू नका. तिच्यातलं शेलॅक (लाख) वाळलं की पाण्याने सुटत नाही.