अमेरिकेतून भारतातलं मूल दत्तक घेताना: फाइलची तयारी

एजन्सीला फोन करण्याआधी नागरिकत्व पाहा. अमेरिकेचा आय-८००ए हा अर्ज (दत्तक पालक म्हणून मंजुरी मिळवण्याचा) भरायला नवरा-बायकोपैकी एकजण तरी अमेरिकी नागरिक लागतो. दोघंही ग्रीन कार्डावर किंवा एच-१बीवर असतील तर हा मार्ग बंद. दुसरं, नात्यातलं मूल घ्यायचं असेल तर ‘गावी जाऊन दत्तकपत्र करून टाका, व्हिसाचं मग बघू’ हा सल्ला हमखास मिळतो. तो प्रेमानं दिलेला असला तरी ऐकू नये. दोन्ही देश आंतरदेशीय दत्तकाच्या हेग करारात आहेत, त्यामुळे आधी अमेरिकेची तात्पुरती मंजुरी आणि ‘कारा’चं (भारताच्या केंद्रीय दत्तक प्राधिकरणाचं) ना-हरकत पत्र, मगच दत्तक. हा क्रम उलटला तर दत्तकपत्र भारतात चालेल, पण व्हिसा अडकेल आणि मूल तिथेच राहील.

मग वयाची बेरीज. दोन वर्षांपर्यंतच्या मुलासाठी नवरा-बायकोच्या वयांची बेरीज 85च्या वर चालत नाही, दोन ते चार वर्षांसाठी 90, चार ते आठसाठी 100 आणि त्यापुढे 110. तो 45चा आणि ती 41ची असेल तर बेरीज 86, म्हणजे तान्ह्या बाळाची आशा तिथेच सोडलेली बरी. लग्नाला दोन वर्षं झालेली हवीत. एकट्या पुरुषाला मुलगी दत्तक मिळत नाही.

कागदांत आपल्या मराठी माणसांचा घोळ ठरलेला असतो, तो नावाचा. जन्मदाखल्यावर माहेरचं नाव, लग्नाच्या दाखल्यावर लग्नात बदललेलं नाव, पासपोर्टवर मधे नवऱ्याचं नाव आणि अमेरिकेच्या लायसन्सवर मधलं नाव गायबच. आपल्याला ही एकच बाई दिसते, फाइल तपासणाऱ्याला तीन. सगळे स्पेलिंग एका कागदावर मांडा आणि ‘ही सर्व नावं एकाच व्यक्तीची’ असं प्रतिज्ञापत्र सुरुवातीलाच जोडा. नोटरी आणि अपॉस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून राज्य सरकारनं दिलेलं प्रमाणपत्र) एकाच राज्याचं असावं. न्यू जर्सीच्या नोटरीच्या सहीवर न्यूयॉर्क राज्य अपॉस्टिल देणार नाही. कंपनीचं मुख्यालय दुसऱ्या राज्यात असलं की पगाराच्या पत्रात नेमकी हीच चूक होते.

होम स्टडीसाठी, म्हणजे समाजसेविकेनं घर आणि कुटुंब पाहून लिहायच्या अहवालासाठी, घरातल्या प्रत्येक 18 वर्षांवरील माणसाची नोंद द्यावी लागते. सहा महिन्यांसाठी आलेले आई-बाबा घरात असतील तर समाजसेविकेला आधीच सांगा. नंतर कळलं तर अहवाल पुन्हा लिहावा लागतो.

वेळ खरा जातो तो मुदती जुळवण्यात. अर्जासोबतचा होम स्टडी अहवाल सहा महिन्यांहून जुना चालत नाही. आय-८००एची मंजुरी 15 महिने टिकते, तर कारा तोच अहवाल तीन वर्षं धरते. त्यामुळे काराच्या यादीत नाव लागलेलं असतं आणि इकडे मंजुरी संपून जाते. प्रत्येक कागदाची संपण्याची तारीख एका तक्त्यात लिहून फ्रिजवर चिकटवा आणि मुदतवाढीचा अर्ज तारीख उलटण्याआधी टाका. नोकरी, घर किंवा राज्य बदललं तरी अहवाल सुधारून घ्यावा लागतो. शक्य असेल तर या काळात घर बदलूच नका.

मुलाची माहिती आली की ते राखून ठेवायला 96 तास मिळतात आणि स्वीकृतीची सही करायला 30 दिवस. मुलाचे अहवाल वाचणारा डॉक्टर तेव्हा शोधायला निघालात तर उशीर झाला, आधीच ठरवून ठेवा. वैद्यकीय अहवालात जन्माचं वजन आणि डोक्याचा घेर पाहा. एकदाच मोजलेला आकडा फारसं सांगत नाही, म्हणून महिन्यागणिक नोंदी मागा. दीड वर्षाच्या आतल्या बाळाची एचआयव्ही अँटीबॉडी चाचणी पॉझिटिव्ह असेल तर ती आईकडून आलेली अँटीबॉडीही असू शकते. थेट विषाणू शोधणारी पीसीआर चाचणी झाली आहे का, ते विचारा. मूल कुठल्याही राज्यातलं असू शकतं. त्याला मराठी येत असेल असं धरून चालू नका.

यानंतर क्रमाने आय-८००ची (त्या ठरावीक मुलासाठीच्या अर्जाची) तात्पुरती मंजुरी, अमेरिकी दूतावासाचं हेग कराराच्या कलम 5चं पत्र, काराचं ना-हरकत, जिल्हाधिकाऱ्यांचा दत्तक आदेश (सप्टेंबर 2022पासून हे काम न्यायालयाकडे नाही), दत्तक हेग करारानुसार झाल्याचं कलम 23चं प्रमाणपत्र, जन्मदाखला, पासपोर्ट आणि शेवटी दिल्लीत व्हिसा. आदेशात मुलाच्या नावाचं एक अक्षर चुकलं तर तेच जन्मदाखल्यावर आणि पासपोर्टवर उतरतं, आणि दुरुस्तीला पुन्हा जिल्हाधिकारी कार्यालय गाठावं लागतं. मुलाची भारतातली संस्था आदेशासाठी अर्ज दाखल करेल त्याच्या आधी मसुदा मागवा, नाव अक्षर-अक्षर वाचा आणि आडनाव स्वतःच्या पासपोर्टशी ताडून पाहा. परतीचं तिकीट बदलता येण्याजोगंच काढा. घरी आल्यावर पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी असे सहा पाठपुरावा अहवाल जातात. त्यांची फी आणि समाजसेविकेच्या भेटींच्या तारखा एजन्सीच्या करारात आधीच लिहून घ्या.