बाथरूमचा ‘स्पा’ करताय? या चुका टाळा

आमच्या आजोळी आंघोळ म्हणजे मोरीत दगडावर बसायचं, बंबातलं कढत पाणी घंगाळात घ्यायचं आणि तांब्या-तांब्याने उरकायचं. घरातली सगळ्यात ओली, सगळ्यात अंधारी जागा ती. आता तेवढ्याच जागेत काचेचं पार्टिशन, रेन शॉवर, भिंतीला टांगलेला कमोड आणि आरशामागे दिवे हवे असतात. असू देत, माझं पोट त्यावरच चालतं. पण हॉटेलात काढलेला फोटो मोबाइलवर दाखवून “अस्सं करून द्या, दिवाळीच्या आत” म्हणणारं गिऱ्हाईक आलं की पोटात गोळा येतो. फोटोत टाइल दिसते. टाइलखालचं दिसत नाही, आणि घोळ सगळे तिथेच होतात.

पाणी भरून ठेवायला कंटाळणं

जुनं फोडायचं, वॉटरप्रूफिंग करायचं, गळतंय का ते बघायला पाणी भरून ठेवायचं, मग टाइल्स. क्रम सगळ्यांना पाठ असतो. फक्त ते ‘भरून ठेवायचं’ एका रात्रीवर येतं.

कोथरूडला चौथ्या मजल्यावर एक काम होतं. घरात साखरपुडा, तारीख ठरलेली. मुलाचे वडील सकाळी येऊन म्हणाले, “अहो, नुसतं पाणी साचवून ठेवलंय, याला काय काम म्हणायचं?” मी नमलो. चूक माझीच. पाणी सोडलं, टाइल्स लागल्या, साखरपुडा थाटात झाला. तीन आठवड्यांनी खालच्या काकू वर आल्या. “तुमचा स्पा आमच्या माळ्यावर गळतोय. पाहुण्यांच्या गाद्या भिजल्या सगळ्या.”

नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे जमिनीतल्या जाळीखाली थोडं पाणी धरून ठेवणाऱ्या भांड्याच्या गळ्याशी, पाइप आणि कोब्याच्या (टाइलखालच्या काँक्रीटच्या थराच्या) सांध्यात जेमतेम करंगळी जाईल एवढी फट राहिली होती. असं पाणी लगेच खाली येत नाही. आधी कोबा ते पितो, पिऊन तट्ट होतो, मग स्लॅबमधून झिरपू लागतं. एका रात्रीत खालचं छत कोरडं दिसतं ते म्हणूनच. ट्रॅपभोवतीच्या आठ टाइल्स फोडाव्या लागल्या. त्या लॉटचा माल संपलेला होता. नवीन आणल्या त्या पिवळसर निघाल्या आणि आजही तिथे ठिगळासारख्या दिसतात. खर्च माझ्या खिशातून गेला.

तेव्हापासून ट्रॅपचं तोंड बंद करून चार इंच पाणी भरतो, भिंतीवर रेघ मारतो आणि ७२ तास कुणाचं ऐकत नाही. चौथ्या दिवशी स्वतः खालच्यांच्या माळ्यावर चढून छत हाताने चाचपतो. वॉटरप्रूफिंगचा कोट फरशीपाशी थांबवत नाही; कोपऱ्यात वाटा मारून (सिमेंटने गोलाई देऊन) शॉवरच्या भिंतीवर सहा फुटांपर्यंत नेतो. त्याच लॉटची एक पेटी घरमालकाच्या पलंगाखाली ठेवायला लावतो. “टाइलच्या फटीत एपॉक्सी भरली की झालं वॉटरप्रूफिंग” असं म्हणणारा मिस्त्री भेटला तर त्याला चहा पाजा आणि घरी पाठवा.

रेन शॉवर आधी, प्रेशरचा विचार नंतर

ताटाएवढा शॉवर घेऊन येतात आणि खाली उभं राहिलं की म्हातारीची लघवी म्हणावी तशी धार. हिशोब साधा आहे. दहा मीटर उंचीवरच्या पाण्याला एक बार दाब मिळतो. गच्चीवरची टाकी आणि सगळ्यात वरच्या मजल्यावरचा शॉवर यांत जेमतेम तीन मीटरचं अंतर, म्हणजे ०.३ बार. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनाच नेमका हा शौक जास्त, हे माझं जुनं निरीक्षण.

शॉवर विकत घेण्याआधी मी शॉवरच्या उंचीवरच्या पाइपाखाली २० लिटरची बादली धरतो. दीड मिनिटात भरली नाही तर एकतर प्रेशर पंप, नाहीतर साधा हँड शॉवर. पंप लावायचा तर आधी जुने गंजके जीआय (जस्ताचा थर दिलेले लोखंडी) पाइप बदला. आणि गीझर? मिनिटाला १५ लिटर सांडणाऱ्या शॉवरखाली १५ लिटरचा गीझर दोन-अडीच मिनिटांत संपतो. साबण लावून होतो न होतो तोच थंडगार.

बाकीच्या, भराभर

गॅस गीझर बाथरूमच्या आत लावू नका. हा मुद्दा मात्र भराभर वाचू नका. फॉल्स सीलिंगसाठी खिडकी बुजवतात, दार घट्ट लागतं, आणि कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. माणूस आंघोळ करता करता कोसळतो.

डायव्हर्टर, म्हणजे पाणी नळाला की शॉवरला ते वळवणारा व्हॉल्व्ह, भिंतीत किती खोल बसवायचा याच्या खुणा त्याच्या प्लॅस्टिकच्या टोपीवर असतात. टोपी फेकून देऊन अंदाजाने बसवणारा प्लंबर मी कामावर ठेवत नाही.

बोअरचं पाणी असेल तर काळ्या मॅट नळांचा मोह सोडा, महिनाभरात पांढरे डाग धरतात.

संगमरवर आणि फरशीचं ॲसिड एका घरात नांदत नाहीत. कामवाल्या मावशींना हे आधी सांगा, फरशी खरवडल्यावर नव्हे.

चकचकीत टाइल भिंतीवर. जमिनीवर खरखरीतच.

बाथटब काढून टाकायलाही मला बोलावतात. भरायला दीड-दोनशे लिटर लागतात, म्हणून पहिल्या महिन्यानंतर कुणी त्यात बसत नाही. मी बसवलेल्या दोन टबांत हल्ली पाणी बंदच्या दिवसासाठी साठा करून ठेवतात. हौद परत आला म्हणायचा.

आणि पाहुण्यांच्या बाथरूममध्ये वास येतो म्हणून फोडाफोडीला बोलावू नका. महिना-महिना वापर नसला की ट्रॅपमधलं दोन इंच पाणी सुकतं आणि गटाराची हवा सरळ वर येते. आठवड्यातून एकदा नहाणी ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी ओता. न्हाणी गेली, नाव तेवढं प्लंबरच्या तोंडी राहिलं. त्या ट्रॅपला अजून तांब्याच लागतो.