रिमझिमीतही शर्यत अडकते? आधी डिशवरच्या एलएनबीचा जोड बघा

फॉर्म्युला वनची सिल्व्हरस्टोनची शर्यत जुलैत, रविवारी संध्याकाळी. नेमका तेव्हाच बडोद्यात पाऊस, आणि शेवटच्या फेऱ्यांना पडद्यावर ‘नो सिग्नल’! मुसळधार पावसात तसं होणारच, त्याला इलाज नाही. पण भुरभुरीतही चित्र फुटत असेल तर बहुधा एलएनबीच्या (डिशसमोरच्या दांड्यावरचा, सिग्नल पकडणारा छोटा डबा) जोडात, म्हणजे त्याला वायर लागते तिथे, पाणी शिरलंय. दांडिया बाजारातल्या आमच्या गच्चीवर हेच निघालं.

१. सेट-टॉप बॉक्स बंद करून प्लग काढा. जोड उघडा, पुसून कोरडा करा. तांब्याची तार हिरवी पडली असेल तर टोक कापून नवा कनेक्टर लावा.
२. घट्ट आवळून वॉटरप्रूफ टेप खालून वर गुंडाळा.
३. जोडाखाली वायरला खाली लोंबता झोका ठेवा, म्हणजे पाणी तिथूनच गळतं.

डिश मात्र हलवू नका. बोटभर सरकली तरी सिग्नल जातो. आणि विजा चमकत असताना गच्चीवर जाऊ नका.