परदेशी प्रश्नावली कोकणातल्या पोरांना लावायची कशी

अंगणवाडीतल्या पोरांची सामाजिक क्षमता मोजायची म्हटलं की बरेच जण एससीबीई-३० उचलतात. लाफ्रेनिएर आणि ड्यूमांची १९९६ ची प्रश्नावली, ३० विधानं, बाईंनी प्रत्येकाला १ ते ६ गुण द्यायचे, भाग तीन: सामाजिक क्षमता, राग-आक्रमकपणा आणि भीती-अलिप्तपणा. आधी वापरायची परवानगी घ्या, ते राहिलं तर पुढचं सगळं फुकट.

मग लगेच भाषांतराला बसू नका. वाडीत जा, सेविकाताईंना, आज्यांना, जेटीवर मासळी निवडणाऱ्या बायकांना विचारा की गुणी पोर कोणाला म्हणता. पाहुणा आला की न सांगता तांब्या-भांडं आणतो, धाकटीला कडेवर घेऊन फिरते, निरोप नीट पोचवतो, आरतीला झांजा एकट्याने धरून न बसता दुसऱ्यालाही देतो, असलं काहीबाही ऐकायला मिळेल, ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या, मालवणी असेल तर मालवणीतच.

आता विधानं एकेक करून तपासा. समजा एखादं विधान 'मित्राला घरी खेळायला बोलावतो' असं आहे. इथे बोलावतंय कोण, पोरं या पडवीतून त्या खळ्यात अशीच फिरत असतात! मग त्यामागचं वागणं धरा, म्हणजे नव्या पोराला खेळात घेणं. 'मे महिन्यात आलेल्या चाकरमान्यांच्या पोरांना खेळात घेतो' हे झकास बसतं, फक्त ते सेविकेला दिसत नाही, आजीला दिसतं, म्हणून सेविकेच्या फॉर्ममध्ये अंगणवाडीत नव्याने आलेलं पोर घ्या. घरच्यांकडूनही फॉर्म भरून घेणार असाल आणि बाप मुंबईला असेल, तर तो आजीकडून भरून घेतलेला बरा.

लाजरेपणाच्या विधानांवर सगळ्यात जास्त वेळ घाला. चीनमधल्या शहरी शाळकरी मुलांच्या अभ्यासात १९९० साली लाजरी मुलं सोबत्यांना आवडत होती आणि २००२ च्या मुलांमध्ये तीच नावडती झाली, म्हणजे एकाच देशात बारा वर्षांत अर्थ फिरला. मोठ्यांसमोर मान खाली घालून गप्प उभं राहणारं पोर तुमच्या गावात शहाणं ठरतं की बुजरं, हे आधी ठरवा, नाहीतर चांगल्या वळणाची पोरं 'अलिप्त' म्हणून मोजली जातील.

भाषांतर दोघांनी वेगवेगळं करायचं, एक जण तरी तिथलाच हवा, मग मूळ न पाहिलेल्या माणसाकडून परत इंग्रजीत, मग सगळ्यांनी बसून वाद घालायचा. त्यानंतर ३०-४० जणांकडून भरून घ्या आणि प्रत्येक उत्तरामागे काय डोक्यात होतं ते विचारा. सहा पायऱ्या कोणी वापरतच नसेल, नुसतं 'कधीच नाही' आणि 'नेहमी' येत असेल, तर पायऱ्या कमी करता येतात, पण मग मूळ गुणांशी तुलना विसरा.

शेवटी आकडेमोड. विधानामागे दहा पोरं धरली तर ३०० लागतील, अल्फा (एका भागातली विधानं एकमेकांशी किती जुळतात त्याचा आकडा) ०.७० च्या वर हवा, आणि तीन भाग इथेही तसेच पडतात का ते फॅक्टर ॲनॅलिसिसने, म्हणजे कुठली विधानं एका गटात जातात हे दाखवणाऱ्या गणिताने, बघा. एकच ताई वीस पोरांना गुण देते, तिचा हात सढळ की आखडता हे सगळ्या वीस जणांत उतरतं, तेव्हा अंगणवाड्या जास्त घ्या, एकेकीतली पोरं कमी.