ओढ्याकाठचा तास: निसर्ग शिबिरात पर्यावरणाचे वर्ग कसे घ्यावेत

निसर्ग शिबिरातला तास फसतो तो बहुतेक वेळा माहिती जास्त झाल्यामुळे. तीस मुलं रांगेत चालतात, पुढचा मार्गदर्शक झाडांची नावं सांगत जातो, पहिल्या सात-आठ जणांना ऐकू येतं आणि मागची मुलं एकमेकांच्या पाठीवर कुसळं फेकत बसतात. यावर उपाय साधा आहे: मुलांच्या हातात आधी मोजायचं काम द्यायचं, नाव सगळ्यात शेवटी सांगायचं. पुढचा आराखडा सह्याद्रीच्या पायथ्याशी भरणाऱ्या, सातवी ते नववीच्या तीस मुलांच्या दोन मुक्कामी शिबिरासाठी आहे. मुख्य तास ओढ्याचा, बाकीचे त्याच्या अनुषंगाने.

हंगाम, जागा, परवानगी

नोव्हेंबर-डिसेंबर सर्वांत सोयीचे. पावसाळ्यात मुलांना ओढ्यात उतरवूच नये. आपल्या डोक्यावर ऊन असलं तरी घाटमाथ्यावर पडलेला पाऊस बघता बघता खाली पोचतो. पाणी एकाएकी गढूळ झालं, काटक्या आणि पालापाचोळा वाहून येऊ लागला, की मागे वळून न बघता काठावर चढायचं. फेब्रुवारीनंतर बरेच ओढे नुसत्या डोहांपुरते उरतात, मग या तासात राम राहत नाही.

पाणी गुडघ्याच्या खाली, पात्र दोन-तीन मीटर रुंद, गोट्यांवरून खळाळणारा भाग, आणि मुलं खेळता खेळता पोचणार नाहीत इतक्या अंतरावर डोह, अशी जागा निवडावी. अभयारण्यात प्रवेशालाच परवाना लागतो आणि तिथे किडा पकडणंही 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या कक्षेत येतं, म्हणून जाळीचा प्रयोग तिथे करू नये. राखीव वनात वनक्षेत्रपालांची लेखी परवानगी घ्यावी. सगळ्यात सुटसुटीत म्हणजे गावाच्या हद्दीतला ओढा: ग्रामपंचायतीला पत्र आणि काठच्या शेतमालकाला प्रत्यक्ष भेटून विचारणं. जवळ देवराई असेल तर गावातल्या जाणत्या माणसाला सोबत घ्यावं. बऱ्याच देवरायांतून वाळकी काटकीसुद्धा बाहेर नेत नाहीत, आणि हे मुलांना आत शिरायच्या आधी सांगायचं असतं.

जाळी आणि बाकीचं सामान

सहा-सहा मुलांचे पाच गट, प्रत्येकासोबत एक मोठं माणूस. दर गटाला एक जाळी, दोन पांढरी पसरट भांडी (आइस्क्रीमचे डबे चालतात), मऊ रंगकामाचे दोन ब्रश, प्लास्टिकचे चमचे, दहापट मोठं दाखवणारं एक भिंग, पाच मीटरची टेप, लाकडी मोजपट्टी, पॅड आणि पेन्सिल. पेन नको. ओल्या कागदावर शाई फुटते.

जाळी घरी शिवता येते. मीटरभर लांबीरुंदीचं मच्छरदाणीचं कापड दुहेरी घ्यायचं; एकेरी कापडातून बारीक किडे निसटतात. दोन्ही बाजूंना नेफा शिवून त्यात सव्वा मीटरच्या बांबूच्या काठ्या घालायच्या. खालच्या कडेला सुतळीने छोटे दगड बांधायचे, म्हणजे जाळी तळाला टेकून राहते. पायात नाडीचे जुने बूट हवेत. चप्पल पहिल्याच शेवाळलेल्या दगडावर दगा देते.

ओढ्यातले किडे

दीड तास लागतो. प्रवाहाच्या खालच्या अंगाला सुरुवात करून वर सरकत जायचं. उलट केलं तर वरून ढवळलेला गाळ आणि निसटलेले किडे खालच्या गटाच्या जाळीत जातात आणि त्यांची मोजणी बिघडते.

दोघांनी जाळी प्रवाहाला आडवी धरायची, खालची कड तळाला घट्ट. तिसऱ्याने तिच्या समोर, वरच्या बाजूला उभं राहून मीटरभर चौकोनातले गोटे हातांनी चोळायचे आणि मग तळ पायाने ढवळायचा. घड्याळ लावून एक मिनिट. उचलताना जाळी सरळ वर ओढायची नाही. खालची कड पुढे घेत सुपात घेतल्यासारखी उचलायची, नाहीतर अर्धं धन पाण्यात परत. दोन बोटं पाणी घातलेल्या भांड्यात जाळी उलटी धरून झटकायची आणि भांडं लगेच सावलीत ठेवायचं.

सावलीचा हट्ट यासाठी, की 20 अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांना साडेसातच्या आसपास. उन्हात ठेवलेल्या उथळ भांड्यात सगळ्यात नाजूक किडे आधी मरतात, आणि नेमके तेच आपल्याला हवे असतात. वीस मिनिटांत काम उरकून, उचलले तिथेच परत सोडावेत. डासांचं मलम लावलेले हात भांड्यात घालू देऊ नयेत, तेवढ्यानेही किडे दगावतात.

आता पहिली दहा मिनिटं नाव सांगायचं नाही. भांडं समोर ठेवून विचारायचं: शेपट्या किती? पाय किती? पोटाच्या कडेला काही हलतंय का? मुलं स्वतःच वाटण्या करतात. मग ओळखी होतात. पोटाच्या कडेला पानासारखे कल्ले फडफडवणारी, बहुधा तीन शेपट्यांची, ती मेफ्लायची पिल्लं. दोनच शेपट्या आणि पायाला दोन-दोन नख्या असतील तर स्टोनफ्लाय. मेफ्लायच्या पायाला एकच नखी असते, भिंगातून स्पष्ट दिसते. वाळूचे कण चिकटवून केलेल्या नळीत राहते ती कॅडिसफ्लायची अळी. मुलं हमखास तिला काडीकचरा समजून फेकतात, म्हणून “काड्या दोन मिनिटं न हलवता बघा” हे आधीच सांगावं. टाचणीच्या (चतुरासारखाच, पण सडपातळ किडा) पिल्लाच्या शेपटीच्या टोकाला तीन चपटे कल्ले असतात. चतुराचं पिल्लू जाडजूड, आणि चमच्याने डिवचलं की मागून पाणी सोडून पुढे झेपावतं. हे एकदा दाखवलं की वर्ग आपल्या ताब्यात येतो.

मेफ्लाय, स्टोनफ्लाय आणि कॅडिसफ्लाय हे तीन प्रकार भरपूर प्राणवायूच्या, स्वच्छ पाण्याची साक्ष देतात. नुसत्या लालभडक सुतासारख्या अळ्या सापडल्या तर तिथे प्राणवायू कमी असण्याची शक्यता मोठी. त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं, त्यामुळे त्या तिथेही तग धरतात. पण निकाल देण्याची घाई नको. नुकताच पूर येऊन गेला असेल किंवा तळ नुसत्या वाळूचा असेल, तर निर्मळ ओढ्यातही जाळी रिकामी येते. म्हणून दोन जागांची तुलना करायची: वस्तीच्या वर आणि धुण्याच्या जागेच्या खाली, तळ शक्यतो सारखाच. इथे मुलं पटकन “गावातले लोक घाण करतात” म्हणतात. लगेच आपल्या शिबिराचं खरकटं आणि साबणाचं पाणी कुठे जातं, ते शोधायला पाठवावं. आधी शोषखड्डा खणलेला असावा हे ओघानेच आलं.

पाणी किती वाहतं

पाच मीटरचं सरळ अंतर टेपने आखा. संत्र्याच्या सालीचा तुकडा वरच्या खुणेच्या थोडा वर सोडा आणि दोन खुणांमधला वेळ मोजा. पाच वेळा करा, अडकलेली फेरी रद्द. रुंदी मोजा आणि त्या रेषेवर पाच ठिकाणी खोली घेऊन सरासरी काढा. पृष्ठभागावरचं पाणी तळाजवळच्या पाण्यापेक्षा जोरात पळतं, म्हणून गोट्यांच्या तळासाठी वेगाला 0.8 ने गुणायचं.

रुंदी 2 मीटर, सरासरी खोली 0.15 मीटर, साल सेकंदाला 0.4 मीटर गेली असं धरा. 2 × 0.15 × 0.4 × 0.8 म्हणजे सेकंदाला 0.096 घनमीटर, 96 लिटर. दिवसाचे जवळजवळ 83 लाख लिटर. ग्रामीण पाणीपुरवठ्यात माणशी रोज 55 लिटरचा निकष धरतात. त्या हिशोबाने हे पाणी दीड लाख माणसांचं. आकडा फळ्यावर लिहा आणि एवढंच विचारा: मग एप्रिलमध्ये याच भागात टँकर का येतो? उत्तर देऊ नका. पुढच्या तासाला तो प्रश्न घेऊनच मुलं येतात.

जमीन पाणी कसं पिते

10 सेंटिमीटर व्यासाचे, दोन्ही बाजूंनी उघडे पत्र्याचे डबे घ्या. वरची कड कानशीने घासून तिच्यावर चिकटपट्टी लावा, बोटं कापतात. तीन जागा: झाडीतली भुसभुशीत माती, पायवाट, नांगरलेलं शेत. पालापाचोळा हलकेच बाजूला करा, डब्यावर लाकडी फळी ठेवून हातोडीने चार सेंटिमीटर आत ठोका आणि 500 मिलिलिटर पाणी ओता. पहिली खेप माती भिजवण्यापुरती. वेळ मोजायचा तो दुसऱ्या खेपेचा. पायवाटेवर पाणी वीस मिनिटांत मुरलं नाही, तर पातळी किती उतरली ते लिहून थांबा.

एवढं पाणी त्या डब्यात सुमारे 64 मिलिमीटर उंची गाठतं. हवामान खातं 24 तासांत साधारण इतका पाऊस झाला की तो “जोरदार” धरतं, म्हणजे दिवसभराचा जोरदार पाऊस मुलांनी एका घोटात जमिनीला पाजलेला असतो. डब्याच्या बुडाशी बाहेरून ओल दिसली तर कडेने गळतंय. ती नोंद बाद करून हातभर पलीकडे नव्याने ठोका. खाली कातळ लागणारी जागाही उपयोगाची नाही.

रात्रीचे पतंग

अमावस्येच्या आसपासची, वारा नसलेली रात्र निवडा. ताणून बांधलेली पांढरी चादर, पुढे दिवा. साध्या एलईडी बल्बवर पतंग कमी येतात. अतिनील प्रकाश देणारा दिवा हवा, पण मुलांनी चादरीकडे बघायचं, दिव्याकडे नाही. साडेसात ते साडेनऊ पुरे. नंतर दिवा बंद करून चादर हलकेच झटका. रात्रभर चालू ठेवलात तर सकाळी कोतवाल आणि दयाळ हे पक्षी तिथे आयती मेजवानी झोडतात.

जिवाची काळजी

शिबिराच्या आधी जवळच्या ग्रामीण रुग्णालयात जाऊन सर्पदंशाची लस आहे का ते बघा. फोनवरच्या “आहे” वर विसंबू नये. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर तीच चालते. दंश झाला तर चिरणं, चोखणं, आवळून बांधणं काहीही नको. अवयव हलू न देता 108 किंवा मिळेल ते वाहन. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्यांना चावते आणि दुखत नाही, म्हणून तंबूची चेन पूर्ण बंद, अंधारात टॉर्चशिवाय पाऊल नाही.

आग्या मोहोळ दिसलं तर वाट बदला. धूर, अत्तर, आरडाओरडा तिघेही घातक. खाजकुयलीच्या शेंगा नेमक्या याच दिवसांत वाळतात: लव लागली तर चोळू नका, चिकटपट्टीने उचला, मग धुवा. सिंधुदुर्गातलं दोडामार्ग आणि गोव्यातलं सत्तरी इथे गोचिडांतून माकडताप पसरतो. हंगाम डिसेंबरपासून मेपर्यंत, तेव्हा तिथे आरोग्य खात्याला विचारल्याशिवाय मुलांना रानात नेऊ नका.

नोंदवही

पाचही गटांचे आकडे एकाच जाड वहीत उतरवा: तारीख, वेळ, जागेची खूण (“जांभळाच्या झाडापासून खाली वीस पावलं” असली, फोटोसकट), आदल्या आठवड्यात पाऊस होता का, आणि कुठली मोजणी का बाद केली. वही शाळेत राहू द्या, एक प्रत ग्रामपंचायतीला द्या. पुढच्या वर्षी त्याच जागी, त्याच आठवड्यात मोजा. नोव्हेंबरचा आकडा डिसेंबरच्या आकड्याशी ताडून बघण्यात अर्थ नाही, कारण पाऊस संपल्यावर ओढा दर आठवड्याला उतरतच असतो.