कुलकुल तेलात उलगडू नयेत म्हणून

नाताळचे कुलकुल (मैद्याचे शिंपल्यासारखे गुंडाळून तळलेले गोड तुकडे) तेलात उलगडतात, ते बहुतेक वेळा कडा नीट न चिकटल्यामुळे. मैदा नारळाच्या दुधात घट्टच मळा, अर्धा तास ओल्या फडक्याखाली ठेवा. सुपारीएवढी गोळी जेवणाच्या काट्याच्या (फोर्कच्या) पाठीवर अंगठ्याने दाबून पसरायची, गुंडाळत आणायची आणि शेवटची कड चिमटीत दाबायची. सुकी वाटली तर दुधाचं बोट लावा. (गोव्यात काट्याऐवजी नवी कोरी फणीही चालते, पोरांना तीच आवडते.)

आच मध्यमच. बदामी रंग आला की लगेच काढा. तेव्हा मऊ लागतील, घाबरू नका, गार झाल्यावरच कुरकुरीत होतात. पाकात घोळायचे तेही पूर्ण गार झाल्यावर. थोडे बिनपाकाचे ठेवा, सकाळच्या चहाबरोबर तेच आधी संपतात.