रॅपर देवगडात, बीट कुडाळात: जोडीने ट्रॅप गाणं काढायचं तर

ट्रॅप म्हणजे जड बेस आणि भराभर हाय-हॅटवालं हिप-हॉप. मी कुडाळला बीट, म्हणजे रॅपखालचं संगीत, बनवतो, माझा जोडीदार देवगडहून रॅप करतो. बीट पाठवायच्या आधी वाटणी कागदावर उतरवा. रेकॉर्डिंगचा हक्क वेगळा, शब्द-संगीताचा वेगळा; दोन्हींचे टक्के लिहून सह्या करा. "आपल्यात कसली सही रे मेल्या?" म्हणणाऱ्याची सही आधी घ्या.

तयार बीट पाठवून 'यावर लिही' म्हणणं मला पटत नाही. टेम्पो मिनिटाला १४० ठोके ठेवा, स्नेअर (कडक आवाजाचा ड्रम) बारच्या, म्हणजे चार ठोक्यांच्या आवर्तनाच्या, तिसऱ्या ठोक्यावर, म्हणजे मान ७०च्या चालीवर हलते. एवढ्या सांगाड्यावर त्याच्याकडून फोनवरच कच्चा रॅप मागवा. हाय-हॅटचे (ड्रमच्या झांजेचे) रोल, म्हणजे भराभर ठोके, त्यानंतर, तेही तो श्वास घेतो तिथेच. दशावतारातला मृदंगवाला नटाचं वाक्य पडू देतो, मग थाप मारतो. हॅट तशी वाजली पाहिजे. यूट्यूबवरचे धडे मात्र प्रत्येक बारमध्ये रोल भरायला शिकवतात.

८०८ म्हणजे रोलँडच्या १९८०च्या ड्रम मशीनमधून आलेला बेस. तो गाण्याच्या सुरात लावा. सूर एफ असेल तर तळ साधारण ४४ हर्ट्झवर जातो आणि फोनचा स्पीकर तिथवर पोचत नाही. एसटीत फोनवर ऐकणाऱ्याला बेस गायबच वाटेल. थोडं सॅच्युरेशन (आवाज किंचित फाटका करणारा इफेक्ट) दिलं की ८७, १३१ हर्ट्झच्या वरच्या छटा उमटतात आणि कान उरलेलं भरून घेतो. रॅपरच्या आवाजातलं ८० हर्ट्झखालचं कापून टाका, तिथे त्याचं काही काम नाही.

आवाज जुलैत रेकॉर्ड करायचा तर पत्र्याखाली बसू नका. स्लॅबची आतली खोली, भिंतींना गोधड्या, पंखा-फ्रिज बंद, माईक तोंडापासून वीतभर. सगळे ट्रॅक शून्य सेकंदापासून, २४ बिट वेव्हमध्ये (न दाबलेल्या फाइलमध्ये) काढून ड्राइव्हवर टाका. व्हॉट्सअॅपची व्हॉइस नोट कच्च्या रॅपपुरती ठीक, मिक्सला नाही.

चाकरमानी गणपतीला गावात येतात, तेव्हाच आपलं गाणं गाड्यांमध्ये वाजतं. म्हणून चतुर्थीच्या आधीचा शुक्रवार धरा, फाइल तीन-चार आठवडे आधी चढवा. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं किमान ७ दिवस आधी पाठवावं लागतं. डिस्ट्रिब्युटरच्या (गाणं स्पॉटिफायसारख्या अॅपांवर पोचवणाऱ्या कंपनीच्या) फॉर्ममध्ये दोघांनाही मुख्य कलाकार लावा. नुसतं 'प्रोड्युसर' लिहिलंत तर गाणं तुमच्या प्रोफाइलवर दिसेलच असं नाही. गीतकार-संगीतकाराच्या रकान्यात मात्र आधार कार्डावरचं नाव, स्टेजवरचं नको.